जाड भिंगामागचा डोळा

नृसिंहवाडीस दत्तमंदिराच्या परिसरांत गुरुचरित्राचें पारायण करणारे लोक वर्षभर आढळतात. सात दिवसांत बावन्न अध्याय संपवावयाचे, म्हणजे रोज कित्येक तास पोथींत डोळे घालून बसणें आलें. त्यांच्यांत एखादा वाचक असा असतो कीं तो बसतांच चष्मा काढून बाजूस ठेवतो, पोथी उचलून थेट नाकाशीं नेतो आणि इतरांपेक्षां भराभर वाचूं लागतो. अध्याय संपला कीं चष्मा पुन्हां चढतो. त्याचीं भिंगें सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखीं जाड, आणि त्यांमागचे डोळे बारीक झालेले दिसतात. शेजारच्या साठी उलटलेल्या गृहस्थास चाळशीवांचून अक्षर लागत नाहीं, आणि याला मात्र बारीक टाइप उघड्या डोळ्यांनीं दिसतो, हें पाहून भोळे लोक त्याच्या तीक्ष्ण दृष्टीचें कौतुक करतात. वस्तुतः तो मनुष्य आपल्या डोळ्यांच्या एका दोषाचा उपयोग करून घेत असतो, आणि तो दोष चष्म्याच्या काचेपुरता नसतो.

डोळा म्हणजे आंत पारदर्शक द्रव्य भरलेला एक लहानसा चेंडू आहे. पुढच्या बाजूस स्वच्छ पटल व भिंग, आणि मागच्या भिंतीस आंतून लागून असलेला एक अत्यंत नाजूक पडदा; त्यास दृष्टिपटल म्हणतात. बाहेरच्या वस्तूंचें चित्र या पडद्यावर उमटतें व तेथून मज्जातंतूंच्या द्वारें मेंदूकडे जातें. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागें मोजला तर सुमारें २४ मिलिमीटर भरतो. ह्रस्वदृष्टीच्या माणसाचा डोळा बहुधा त्याहून लांबट असतो. किरण जेथें एकत्र यावयाचे तेथें येतात, पण पडदा त्याच्याही मागें राहतो. सिनेमागृहांत चित्र टाकणारें यंत्र आहे तेथेंच ठेवून पांढरा पडदा चार हात मागें सरकवला तर चित्र जसें पुसट होईल, तसाच हा प्रकार. डोळ्याची लांबी एक मिलिमीटरनें वाढली तर चष्म्याचा नंबर सुमारें अडीच ते तीननें वाढतो. नंबर सहाच्या वर गेला, किंवा लांबी २६ मिलिमीटरच्या पुढें गेली, कीं नेत्रवैद्य त्यास तीव्र ह्रस्वदृष्टि म्हणतात. दहा नंबरच्या माणसास चष्म्यावांचून दहा सेंटिमीटरवरचें, म्हणजे सुमारें चार इंचांवरचें, स्पष्ट दिसतें. त्यापलीकडे सारें धुकें. पोथी नाकाशीं नेण्याचें रहस्य इतकेंच.

अंतर्वक्र भिंगांचा चष्मा चित्र उचलून नेमकें पडद्यावर आणून ठेवतो, यांत शंका नाहीं. पण जो पडदा लांबलेल्या डोळ्याबरोबर ताणला गेला आहे, त्याचा ताण चष्मा कसा कमी करणार? पिठाची तेवढीच लाटी घेऊन पापड मोठा लाटला तर तो पातळ व्हावयाचाच, आणि कडेला कोठें तरी विरावयाचाही. डोळ्याचें असेंच होतें. बाहेरचें पांढरें कवच, मधलें रक्तवाहिन्यांचें अस्तर आणि आंतलें दृष्टिपटल, असे तिन्ही थर ताणले जाऊन विरळ होतात. पडद्याच्या कडेस जाळीदार, झिजलेले पट्टे पडतात. कधीं बारीक छिद्रेंही पडतात. कित्येकांस हें जन्मभर त्रास देत नाहीं. ज्यांस देतें, त्यांस मात्र फार थोड्या अवधींत देतें. हल्लीं किरणशस्त्रानें डोळ्याच्या पुढच्या पटलास आकार देऊन चष्मा घालविण्याची सोय झाली आहे, आणि विवाहेच्छु तरुण-तरुणी तिचा लाभ घेतात. चष्मा गेला म्हणजे रोग गेला अशी यांपैकीं पुष्कळांची समजूत असते. डोळ्याची लांबी त्या शस्त्रक्रियेनें केसभरही कमी होत नाहीं. मागचा पडदा होता तसाच ताणलेला राहतो. जाड चष्मा निदान नाकावर बसून धोक्याची आठवण तरी देत असे. आतां तीही उरत नाहीं.

पडदा सुटतो कसा, हें समजून घेण्याजोगें आहे. डोळ्याच्या पोकळींत जें काचेसारखें पारदर्शक, चिकट द्रव्य असतें, तें वय वाढेल तसें पातळ होऊन आकसतें व पडद्यापासून वेगळें होतें. हें बहुतेकांच्या डोळ्यांत केव्हां तरी घडतें. ह्रस्वदृष्टीच्या डोळ्यांत कांहीं वर्षें आधीं घडतें. वेगळें होतांना तें एखाद्या ठिकाणीं पडद्यास घट्ट चिकटून राहिलें असेल तर पडदा ओढला जाऊन फाटतो. मग पातळ झालेला द्रव त्या फटींतून पडद्यामागें शिरतो, आणि ओल आलेल्या भिंतीवरचा कागद जसा सुटत जातो तसा पडदा भिंतीपासून सुटूं लागतो. पडद्यांतील प्रकाश ओळखणाऱ्या पेशींस पोषण मिळतें तें मागच्या अस्तराकडून. त्यापासून वेगळा झालेला पडदा उपाशी पडतो व कांहीं दिवसांत निकामी होऊं लागतो.

निसर्गानें या आपत्तीची सूचना देण्याची व्यवस्था केली आहे, पण ती फार मुकी आहे. डोळ्यांपुढें माशा, केंस किंवा जाळें तरंगल्यासारखें दिसणें हें ह्रस्वदृष्टीच्या माणसास परिचयाचें असतें. चारदोन जुने ठिपके असतील तर त्यांचें भय नाहीं. कित्येक लोक त्यांच्यासह आयुष्य काढतात. परंतु एखाद्या दिवशीं एकाएकीं काजळी उडाल्याप्रमाणें ठिपक्यांचा सडा पडला, अंधारांत डोळा हलवितांच कडेला वीज चमकल्यासारखें दिसूं लागलें, किंवा एका बाजूनें काळसर पडदा सरकत येत आहे असें भासलें, तर ती फाटल्याची अथवा सुटल्याची खूण समजावी. काळी सावली खालून वर चढत असेल तर घाई अधिक; कारण डोळ्यांतील चित्र उलटें असतें, तेव्हां खालचें दिसेनासें होणें म्हणजे पडद्याचा वरचा भाग सुटणें, आणि वरचा भाग द्रवाच्या भारानें खालीं लवकर लोंबतो. या सर्वांत वेदना अजिबात नसते, डोळा लाल होत नाहीं, पाणी येत नाहीं. दुसरा डोळा चांगला असेल तर एकाची उणीव तो झांकून टाकतो, त्यामुळें माणसाला पत्ताच लागत नाहीं. म्हणून तीव्र ह्रस्वदृष्टीच्या माणसानें आठवड्यांतून एकदां तरी एकेक डोळा तळहातानें झांकून दुसऱ्यानें समोरची भिंत पाहण्याची संवय ठेवावी. यास अर्धें मिनिट लागतें.

मध्यमवर्गीय घरांत अशा वेळीं काय होतें, तें ठरल्यासारखें आहे. पित्त झालें असेल, जागरण झालें असेल, उष्णता डोळ्यांत उतरली असेल, अशीं निदानें होतात. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या जातात. पौर्णिमेची गर्दी आहे, ती ओसरली कीं जाऊं, असें ठरतें. जें दुखत नाहीं त्याला घाई नाहीं, हा आपल्या घरांतला जुना नियम. पोटदुखीला तो लागू असेल. येथें तो घातक आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागीं पीतबिंदु नांवाचा एक लहानसा भाग असतो. वाचणें, सुई ओवणें, माणसाचा चेहरा ओळखणें हीं सर्व कामें त्याच्यावर चालतात. तो भाग सुटण्यापूर्वीं शस्त्रक्रिया झाली तर दृष्टि बहुतांशीं टिकते. सुटल्यानंतर पडदा पुन्हां चिकटविला तरी पहिली दृष्टि बहुधा पूर्णपणें परत येत नाहीं. या दोहोंमध्यें कित्येकदां एकदोन दिवसांचेंच अंतर असतें. नुसती फट पडली असून पडदा सुटला नसेल, तर काम याहून सोपें. किरणशस्त्रानें फटीभोंवतीं बारीक डागण्या देतात. सुमारें दोन आठवड्यांत तेथें पक्की खपली धरून फट जागच्या जागीं बंदिस्त होते. त्यासाठीं इस्पितळांत निजावेंही लागत नाहीं.

हें सर्व सोपें वाटतें तें आज. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८५१ मध्यें डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र शोधून काढलें, तेव्हां सुटलेला पडदा वैद्यांस प्रथम दिसूं लागला. पण दिसला तरी उपाय नव्हता. रोग्यास दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून, डोकें न हलवितां, आठवडेच्या आठवडे पाठीवर निजवून ठेवीत, आणि बहुतेक सारे अखेरीस आंधळेच होत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील झूल गोनँ (१८७० ते १९३५) या नेत्रवैद्यानें असा आग्रह धरला कीं रोगाचें मूळ पडद्यांतील फटींत आहे. ती शोधून बुजविली पाहिजे. त्यानें फटीची जागा बाहेरून नेमकी मोजून काढून, डोळ्याच्या कवचांतून तप्त शस्त्रानें तेथें डाग दिला. त्याच्या समकालीनांनीं कित्येक वर्षें हें खरें मानलें नाहीं. १९२९ मध्यें ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्य परिषदेनंतर मात्र त्याची पद्धति जगभर पसरली. पुढची पायरी ग्रहणानें दाखविली. ९ जुलै १९४५ चें सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहिल्यामुळें पडद्यावर भाजल्याचे डाग पडलेले रोगी जर्मनींतील मायर-श्विकेराट या तरुण नेत्रवैद्याच्या पाहण्यांत आले. प्रकाश जर पडदा जाळूं शकतो तर तो शिवूंही शकेल, असा विचार करून त्यानें हँबुर्गच्या रुग्णालयाच्या गच्चीवर आरसे व भिंगें लावून सूर्यकिरण रोग्याच्या डोळ्यांत नेमके सोडले. १९४९ मध्यें त्यास यश आलें. १९६० मध्यें लेझर किरण निघाले. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यानें डोळ्याच्या पोकळींतलें द्रव्यच सूक्ष्म शस्त्रानें काढून घेऊन आंतून पडदा सारखा करण्याची रीत प्रचारांत आणली. ग्रहणकाळीं संगमावर स्नानास जमणाऱ्यांस यांतली एक गोष्ट विशेष लागू आहे: स्नान करावें, सूर्याकडे बघूं नये.

नृसिंहवाडीच्या भागांत डोळ्यांचें दुखणें निघालें कीं मिरजेचें नांव निघतें, आणि तें आजचें नव्हे. डॉ. विल्यम वानलेस यांचें मिशन रुग्णालय तेथें १८९४ मध्यें निघालें. त्याच्या आधींही डोळ्यांच्या उपचारासाठीं लोक मिरजेस जात. नदीपलीकडच्या कुरुंदवाडास १८७२ मध्यें जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या डोळ्यांस लहानपणीं दत्तजयंतीच्या उत्सवांत, चेहऱ्याजवळ फटाका उडाल्यामुळें, इजा झाली. त्यांस उपचारासाठीं मिरजेस नेलें, आणि तेथेंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखालीं त्यांचें गायनाचें शिक्षण सुरू झालें. पुढें १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणारे पंडितजी ते हेच. त्यांची व्यथा अपघाताची, ह्रस्वदृष्टीची नव्हे. पण दृष्टि उणी पडलेल्या मुलाचा मार्ग डोळ्यांकडून कानांकडे वळविणारे वडील माणूस घरांत असले तर काय होऊं शकतें, याचें याहून जवळचें उदाहरण या पंचक्रोशींत नाहीं. पुष्कळ घरीं असें होत नाहीं. फळ्यावरचें दिसत नाहीं म्हणून शेजाऱ्याच्या पाटीकडे बघणारा मुलगा लबाड ठरतो, आणि छडीचा प्रसाद खाऊन शेवटच्या बाकावर जातो; तेथून फळा आणखी दूर.

वाडीच्या रहिवाशांस आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते, ती म्हणजे पूर. कृष्णा व पंचगंगा फुगून देवळांत पाणी शिरतें, पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारानें बाहेर पडतें, तेव्हां भाविक लोक तो सोहळा मानून स्नानास धांवतात. पण पाणी त्याहून चढलें कीं रस्ते बुडतात. २००५, २०१९ व २०२१ या वर्षीं शिरोळ तालुक्यांतील कित्येक गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं. अशा आठवड्यांत एखाद्याच्या डोळ्यांपुढें काळा पडदा चढूं लागला तर नावेचीही वाट पाहावी लागते. म्हणून जाड चष्म्याच्या माणसानें पडद्याची वार्षिक तपासणी मृगाच्या आधीं उरकून घ्यावी, हें शहाणपणाचें. तपासणी करणारा वैद्य नुसता चष्म्याचा नंबर काढून देणारा नसावा. बाहुली औषधानें मोठी करून पडद्याच्या कडेपर्यंत पाहणारा असावा. सांगली, मिरज व कोल्हापूर येथें असे तज्ज्ञ आतां मिळतात.

पडदा सुटत नाहीं, पण मध्यभागींच झिजतो, अशी दुसरी एक व्यथा तीव्र ह्रस्वदृष्टींत होते. ताणानें मधल्या अस्तरास चिरा पडतात, त्यांतून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर येतात व पाझरतात. त्या वेळीं सरळ रेषा वांकड्या दिसूं लागतात. वाचतांना शब्दाच्या मधलें अक्षर गायब होतें. गोनँचा शिष्य मार्क ॲम्स्लर यानें यासाठीं चौकटींच्या जाळ्याचें एक साधें चित्र तयार केलें, तें नेत्रवैद्याकडे मिळतें. चित्र नसलें तरी खिडकीचे गज आहेत, आणि वाडीस तर घाट आहे. चष्मा लावून, एक डोळा झांकून, पायऱ्यांच्या लांबच लांब कडा पाहाव्या. एखादी कड मध्येंच वळलेली किंवा तुटलेली दिसली तर त्याच आठवड्यांत वैद्य गांठावा. नव्या वाहिन्या आटविणारीं औषधें या शतकाच्या पहिल्या दशकांत निघालीं. तीं सुईनें डोळ्यांत टोंचावीं लागतात. ऐकून अंगावर कांटा येतो, पण डोळा बधिर केलेला असल्यामुळें त्रास अल्प होतो, आणि वेळेवर दिलीं तर वाचनाची दृष्टि कित्येकदां वांचते. जो भाग एकदां सुकून गेला तो मात्र कोणत्याही औषधानें परत येत नाहीं.

तेव्हां अशा डोळ्यांनिशीं राहावयाचें कसें? पहिली गोष्ट भीतीची. पडदा कमकुवत आहे असें कळल्यापासून कित्येक लोक वांकणें सोडतात, घागर उचलीत नाहींत, देवापुढें साष्टांग नमस्कार घालीत नाहींत, वाचनही बंद करतात. यांपैकीं बहुतेक पथ्यें निरर्थक आहेत. वाचल्यानें पडदा झिजत नाहीं, आणि नेहमींच्या हालचालींनीं तो सुटत नाहीं. जपावयाचें तें डोळ्यावर बसणाऱ्या प्रत्यक्ष आघातास: विटीदांडूची विटी, क्रिकेटचा चेंडू, उंच घाटावरून पाण्यांत मारलेला सूर. शीर्षासन करण्यापूर्वीं वैद्यास विचारावें, कारण त्यानें डोळ्यांतील दाब वाढतो. शस्त्रक्रिया झाल्यावर मात्र गोष्ट निराळी. पडदा दाबून धरण्यासाठीं डोळ्यांत वायूचा बुडबुडा भरला असेल तर कित्येक दिवस मान खालीं घालून बसावें व तसेंच निजावें लागतें, आणि वायु विरेपर्यंत विमानप्रवास व उंच डोंगरावर जाणें पूर्ण वर्ज्य. हें पथ्य एकट्या रोग्याचें नसतें, साऱ्या घराचें असतें. कोणी तरी बशी, पुस्तक, रेडिओ त्याच्या खालीं वळलेल्या तोंडापुढें आणून ठेवावा लागतो.

दृष्टि जी उरली तिचा उपयोग करण्यास कांहीं युक्त्या आहेत. अशा माणसास मंद उजेडांत इतरांपेक्षां कमी दिसतें. पहाटे काकडआरतीस निघतांना काळ्या दगडाच्या ओल्या पायऱ्या त्यास एकच उतरण भासतात, कारण कड व पृष्ठभाग यांचा रंग एक. हातांत विजेरी असावी, काठी असावी, आणि घरांतल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेस पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढावा. स्वयंपाकघरांतही हेंच सूत्र: तांदूळ निवडावयाचे ते गडद रंगाच्या ताटांत, उडीद पांढऱ्या, दूध स्टीलच्या भांड्यांत किती भरलें तें दिसत नाहीं, गडद रंगाच्या पेल्यांत दिसतें. वाचतांना दिवा मागून, खांद्यावरून यावा. पूर्वी हातांतल्या भिंगावर भागवावें लागे. आतां खिशांतला फोन अक्षर हवें तेवढें मोठें करतो, एवढेंच नव्हे तर वाचूनही दाखवितो. तो वापरण्याची लाज वृद्धांनीं कां धरावी, हें समजत नाहीं. चष्मा लावूनही दृष्टि फार उणी राहत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाप्रमाणें अल्पदृष्टीचा दाखला मिळूं शकतो. नुसता नंबर मोठा आहे, पण चष्म्यानें स्पष्ट दिसतें, अशास तो मिळत नाहीं.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अशा डोळ्यांत थोड्या अधिक सावधगिरीनें करावी लागते, कारण तीनंतर पडदा सुटण्याचा संभव इतरांपेक्षां जास्त असतो. आधीं पडद्याची तपासणी करून घेणें हितावह. मात्र आंत बसविण्याचें भिंग योग्य निवडलें तर जन्मभराचा जाड चष्मा पातळ होतो, हा एक लाभही पदरांत पडतो.

मुलांकडे आधींच लक्ष द्यावें. आईबापांपैकीं एकास तीव्र ह्रस्वदृष्टि असेल तर मुलास ती येण्याचा संभव वाढतो. चष्मा दिल्यानें नंबर वाढतो, ही समजूत चुकीची. वाढ डोळ्याच्या वाढीबरोबर होत असते. चष्मा न दिल्यास मात्र मुलाचें शिक्षण बुडतें. पूर्व आशियांतील शाळांमधून झालेल्या पाहणींत असें आढळलें आहे कीं, जीं मुलें दिवसाच्या उजेडांत बाहेर अधिक वेळ असतात, त्यांच्यांत ह्रस्वदृष्टि कमी उद्भवते. शाळा सुटल्यावर शिकवणीस बसविण्यापूर्वीं मुलांस तासदोन तास नदीकांठीं खेळूं द्यावें. शाळेंत घालण्याच्या सुमारास, आणि पुढें दरवर्षीं, डोळे तपासून घ्यावे. तपासणीच्या दिवशीं बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळें कांहीं तास अंधुक दिसतें व ऊन सहन होत नाहीं. म्हणून लहान असो वा मोठा, तपासणीस जाणाऱ्याबरोबर कोणी तरी असावें, आणि परततांना गाडी त्यानें चालवावी.